पिनमागचे गणित

एटीएमचा पिन सहसा चार अंकी असतो. प्रत्येक जागी ० ते ९ पैकी कोणताही अंक येऊ शकतो. म्हणजे एकूण शक्यता १०,०००. पण आपण पिनसाठी जन्माचा दिवस व महिना घेतला, की शक्यता उरतात फक्त ३६६! चोराला तीनच प्रयत्न मिळाले, तरी त्याच्या यशाची संभाव्यता सुमारे ३,३३३ मध्ये एक होती, ती १२२ मध्ये एक होते. वाढदिवस ठाऊक असेल तर पहिलाच प्रयत्न पुरतो; आणि वाढदिवस आपण लपवत नाही. पिन बदलता येतो, जन्मतारीख नाही. म्हणून पिन चिठ्ठ्या टाकून ठरवावा. ० ते ९ अंकांच्या दहा चिठ्ठ्या करून, उचललेली परत टाकत, चार वेळा उचलाव्यात. वर्गात हे गणित जरूर करून पाहू. मात्र स्वतःचा पिन घरी, एकट्याने ठरवू.