चटईवरचा दुसरा डाव

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल-फ्रीमॉन्टकडे किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनला माँटेसरी शाळेच्या दारात सकाळी मुलांना आत घेणारी शिक्षिका बरेचदा भारतीय असते. तिच्या शेजारी मेक्सिकोहून किंवा चीनहून आलेली सहकारी असते. बालशिक्षण हे यांचे लहानपणापासूनचे स्वप्न असतेच असे नाही. कोणी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करीत होती, कोणी नागपुरात बँकेत होती, कोणाचा ठाण्यात दातांचा दवाखाना होता. नवऱ्याच्या नोकरीमागोमाग देश बदलला आणि हातातल्या पदवीची किंमत एकदम उतरली. दंतवैद्याला तिथे पुन्हा परीक्षा आणि बहुधा पुन्हा कॉलेज. वकिलाला बारची परीक्षा. सरकारी शाळेत शिकवायचे तर राज्याचा परवाना. खासगी माँटेसरी शाळेची वाट त्या मानाने जवळची: माँटेसरीचा डिप्लोमा आणि त्या त्या राज्याचे बालसंगोपनाचे नियम. कॅलिफोर्नियात, उदाहरणार्थ, बालशिक्षणाचे १२ युनिट पूर्ण करावे लागतात.

व्हिसाचा पेच वेगळाच. एच-वन-बी वर आलेल्याचा जोडीदार एच-फोर वर येतो. त्याला शिकता येते, पण परवान्याशिवाय पगार घेता येत नाही. असा परवाना मिळण्याची सोय २०१५ च्या मे महिन्यात झाली, तीही ज्यांच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेला आहे त्यांच्याच जोडीदारांना. तोवरची वर्षे घरात जातात. अनेकींची माँटेसरीशी ओळख या काळातच होते, आणि तीही आई म्हणून. मूल शाळेत जाऊ लागते, आई आधी मदतनीस म्हणून दोन तास जाते आणि मग प्रशिक्षणाची चौकशी करते.

चौकशी करताना एक गोष्ट पाहावीच लागते. अमेरिकेत ‘माँटेसरी’ या नावावर कोणाची मालकी नाही; कोणीही पाटी लावावी, कोणीही कोर्स काढावा. म्हणून डिप्लोमावर कोणाचे नाव आहे, याला महत्त्व. मारिया माँटेसरींनी स्वतः १९२९ मध्ये स्थापन केलेली असोसिएशन माँटेसरी इंटरनॅशनल, म्हणजे एएमआय, मूळ पद्धतीला घट्ट धरून चालते. १९६० मध्ये नॅन्सी मॅकॉर्मिक रॅम्बुश यांनी सुरू केलेली अमेरिकन माँटेसरी सोसायटी, म्हणजे एएमएस, अमेरिकन शिक्षणव्यवस्थेशी जुळवून घेते. शिक्षक घडवणाऱ्या केंद्रांची तपासणी मॅक्टी ही परिषद करते आणि तिला अमेरिकी शिक्षण खात्याची मान्यता आहे. पुष्कळ केंद्रांत उन्हाळ्याचे काही आठवडे सकाळ-संध्याकाळ वर्ग आणि पुढे जवळजवळ पूर्ण शालेय वर्ष प्रत्यक्ष वर्गात उमेदवारी, अशी रचना असते.

त्या उन्हाळ्यात शिकायचे काय? आधी गप्प बसायला. प्रशिक्षक चटई अंथरते, गुलाबी मनोऱ्याचे दहा घन एकेक करून आणते. सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा, सर्वांत छोटा एकाचा. ती ते मोठ्यापासून छोट्यापर्यंत रचते, मोडते, परत ठेवते, आणि या सगळ्यात बोलणे जवळजवळ नाहीच. मग तेच प्रत्येक शिकाऊ शिक्षिकेने करायचे. घन दोन्ही हातांनी उचलायचा की एका, नजर कुठे ठेवायची, मूल चुकले तर थांबायचे कसे. दहा माणसांची टीम सांभाळलेल्या बाईला एक घन नीट ठेवता येत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळते. जगमधून पाणी ओतणे, कापडाची घडी घालणे, भांडे घासणे ही ‘दैनंदिन जीवना’ची कामे भारतीय बायकांना सोपी वाटतात. घोटाळा तिथेच होतो, कारण घरच्या कामाची घाई हाताला सवयीची असते आणि मुलाला दिसायला हवी ती हरेक हालचाल सुटी, सावकाश.

रात्री अल्बम लिहायचे. प्रत्येक साधनाचे वर्णन, हेतू, मांडणी, पुढचे टप्पे आणि सोबत स्वतः काढलेली चित्रे. शेवटी दैनंदिन जीवन, इंद्रियशिक्षण, भाषा, गणित अशा जाड फायली तयार होतात आणि शिक्षिका त्या वर्षानुवर्षे वापरते. मण्यांच्या साहित्यात एक मणी, दहाची काडी, शंभराचा चौरस आणि हजाराचा घन असतो. तो हजार चार वर्षांच्या मुलाच्या हातात वजनासकट येतो. इंजिनिअर असलेल्या उमेदवारांना इथे पहिल्यांदा मनापासून मजा येते.

इंग्रजीची भीती पुष्कळ जणींना असते. ती इथे थोडी कमी होते. नवे नाव शिकवताना त्रिस्तरीय पाठ असतो: ‘हा मोठा. हा छोटा.’ मग ‘मोठा कुठला?’ शेवटी ‘हा कसा?’ शब्द मोजके, त्यामुळे अस्खलित बोलणारी आणि अडखळणारी यांच्यातले अंतर कमी होते. खरखरीत कागदाची अक्षरे शिकवताना मात्र उच्चारांची कसोटी लागते, कारण तिथे अक्षराचे नाव सांगायचे नसते, ध्वनी सांगायचा असतो. देवनागरीत वाढलेल्या बाईला ही कल्पना समजावावी लागत नाही. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो. पण इंग्रजीचे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन्ही ध्वनी आपण एकाच ‘व’त बसवतो. ते वेगळे काढायला आरशासमोर ओठ पाहत सराव करावा लागतो.

धंदा बदलणे या पद्धतीला नवे नाही. मारिया माँटेसरी डॉक्टर होत्या. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. भावनगरचे गिजुभाई बधेका वकिली सोडून बालशिक्षणात आले. १९३९ मध्ये माँटेसरीबाई मद्रासला अड्यारला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि त्या शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. मुलगा मारिओ काही काळ स्थानबद्ध होता, त्यांच्या स्वतःच्या हिंडण्याफिरण्यावर बंधने होती. तरी १९४६ पर्यंत त्यांनी इथे हजाराहून अधिक शिक्षक तयार केले. परक्या देशात, परवानगीच्या मर्यादेत राहून काम उभे करण्याचा हा अनुभव आजच्या एच-फोरवाल्या शिक्षिकेला अनोळखी वाटणार नाही.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला ही पद्धत नेली, तेव्हा महागडी साधने बाजूला ठेवून परिसरातल्या स्वस्त वस्तू घेतल्या. तिथे पद्धतीने माणसांशी जुळवून घेतले. अमेरिकेतल्या प्रशिक्षणात साधने जशीच्या तशी राहतात आणि जुळवून घ्यायचे ते शिकणारणीने.

त्याचा मोबदला फार नाही. अमेरिकी सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये पूर्वप्राथमिक शिक्षकांचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे ३७ हजार डॉलर होते. सनीव्हेलमध्ये एवढ्यावर एकटीचे घरभाडेही नीट भागत नाही. प्रशिक्षणाचे शुल्क हजारो डॉलरांत, आणि सुरुवातीला बरेचदा पद सहायकाचेच. म्हणजे हे करिअर बहुतेकींना परवडते ते घरात दुसरा पगार असल्यामुळे. एकट्याच्या बळावर आलेल्या स्थलांतरिताला ही वाट तितकी जवळची नाही, हे प्रशिक्षणाच्या जाहिरातींत लिहिलेले नसते.

तरीही बायका येतात, आणि केवळ वेळ घालवायला येत नाहीत. आधीच्या पदवीचे मोल देशागणिक नव्याने ठरते. एएमआयचा डिप्लोमा मात्र टोरांटोत, लंडनमध्ये, बंगळुरूतही ओळखला जातो. ज्यांचे वास्तव्य व्हिसाच्या तारखेवर अवलंबून आहे, त्यांना सामानात नेता येईल असा धंदा लागतो. ज्या टिकतात त्यांतल्या काही जणी घरीच बालसंगोपन केंद्राचा परवाना काढतात. कॅलिफोर्नियात मोठ्या परवान्यावर घरात १४ मुलांपर्यंत घेता येतात आणि त्यासाठी सहायक ठेवावा लागतो. अशी सहायक शोधताना मालकीणबाई नुकताच कामाचा परवाना मिळालेल्या, पदवीचे कागद घेऊन बसलेल्या एखादीला विचारतात. ती हो म्हणते, कारण पगारी कामाचा तिच्याजवळचा तो पहिला प्रस्ताव असतो.