अर्ध्या घराची किंमत

प्रधानमंत्री आवास योजनेला २५ जून २०२५ रोजी दहा वर्षं झाली. योजनेचा दुसरा टप्पाही सुरू आहे. त्यात वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना गृहकर्जाच्या व्याजावर १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान मिळतं. आमच्या छापखान्यात डीटीपी करणाऱ्या एका मुलीने त्यासाठी चौकशी केली. ती नवऱ्यापासून वेगळी झाली आहे. दोघांच्या नावावरच्या घरातला त्याचा अर्धा हिस्सा विकत घ्यायचा आणि लेकीला घेऊन तिथेच राहायचं, एवढंच तिला हवं आहे. उत्तर आलं की देशात कुठेही पक्कं घर नसलेल्यांसाठीच ही योजना आहे. अर्धं घर तिच्या नावावर आहे, म्हणजे ती घरमालकीण. ते ऐकून माझ्या जुन्या जखमेवरची खपली निघाली.

आमचं घर धायरीचं, वन बीएचके, २००६ मध्ये १२ लाखांना घेतलेलं. त्या वर्षांबद्दल फारसं सांगण्यासारखं काही नाही. पुण्याच्या कडेकडेने सगळेच घरं घेत होते, तसं आम्हीही घेतलं. सांगायचं आहे ते २०१० नंतरच्या दशकाबद्दल.

मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर तेरा वेळा वाढवला, ४.७५ वरून तो ८.५ टक्क्यांवर गेला. आमचा संसार मोडला तो याच काळात. २०१३ मध्ये संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरलं तेव्हा घराची किंमत २६ लाख धरली गेली. कर्ज ७ लाख बाकी होतं. उरलेल्या १९ लाखांतले साडेनऊ नवऱ्याचे. म्हणजे जुनं कर्ज फेडून त्याचा वाटा द्यायला मला साडेसोळा लाख हवे होते. माझा पगार १८ हजार. त्या वेळच्या साडेदहा टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी लाखामागे हजार रुपयांच्या आसपास हप्ता बसायचा. बँक निम्म्या पगारापेक्षा जास्त हप्ता मान्य करेना. कर्ज मंजूर झालं ९ लाख.

आम्ही वेगळे राहू लागल्यापासून हप्ता माझ्याच पगारातून जात होता. पण तो जायचा संयुक्त खात्यातून, आणि त्या खात्यावर पहिलं नाव त्याचं. कर्ज विभागातल्या साहेबांनी पासबुक चाळलं, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "तुमच्या घरात दुसरं कमावतं कोण आहे? भाऊ, वडील?" हप्ता एकदाही चुकलेला नव्हता, याची त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. तो प्रश्न मी आजही विसरलेले नाही.

साडेसात लाखांची तूट कशी भरली, ते सांगते. पाटल्या, गोफ आणि आईने दिलेली मोहनमाळ विकून अडीच लाख आले. पतसंस्थेने १४ टक्क्यांनी २ लाख दिले. उरलेले ३ लाख त्याने तीन वर्षांत हप्त्याने घ्यायचं कबूल केलं आणि कोर्टात दिलेल्या संमतीच्या अटींत तसं लिहून घेतलं. आमचं पटलं नाही, पण पैशाच्या बाबतीत तो सरळ वागला.

सरकार मात्र सरळ वागलं नाही. हक्कसोडपत्र म्हटलं की नाममात्र शुल्क लागतं, असा सर्वसाधारण समज आहे. ती सवलत वडिलोपार्जित मिळकतीला आहे. नवरा-बायकोने मिळून घेतलेल्या घराचा हिस्सा पैसे देऊन सोडवायचा, तर त्या हिश्शाच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं. १३ लाखांच्या हिश्शावर मी ७८ हजार शुल्क आणि १३ हजार नोंदणी फी भरली. जवळपास पाच महिन्यांचा पगार, आणि तोही ज्या घरात मी आधीपासून राहत होते त्या घरासाठी! ते पैसे भिशीतून उचलले. पुढे २०१५ मध्ये राज्याने राहतं घर पती-पत्नीत किंवा मुलांना बक्षीस द्यायचं असेल तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये केलं. म्हणजे नवऱ्याने बायकोला घर बक्षीस दिलं तर २०० रुपये, आणि बायकोने घाम गाळून त्याच घराचा अर्धा हिस्सा विकत घेतला तर पूर्ण शुल्क. या भेदाचं कुठलंही समर्थन मला आजवर पटलेलं नाही.

दिल्लीनेही त्याच दशकात तोंडाला पाने पुसली. विवाह कायदे दुरुस्ती विधेयकात घटस्फोटाच्या वेळी पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद होती. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने, वेगळा करार केला नसेल तर, संसारातली मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी असते. आपल्याकडे कागदावर नाव नसलेल्या बाईच्या हाती पोटगीपलीकडे फारसं काही लागत नाही. माझं नाव करारनाम्यावर होतं, म्हणून निदान अर्ध्यापासून सुरुवात करता आली.

त्या दशकातलं एक मात्र हरवलं, याची हळहळ वाटते. पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार लागले. छापखान्यातल्या बाइंडिंग खात्यातल्या दोघीजणींनी सह्या केल्या. त्यांचे पगार माझ्यापेक्षा कमी होते. व्यवस्थापक मला ओळखत होते, मी कुठे राहते हे त्यांना ठाऊक होतं, आणि एका दिवाळीत हप्ता लांबला तेव्हा त्यांनी आवाज न चढवता पुढची तारीख दिली. ती पतसंस्था पुढे बंद पडली. आज डीटीपीवाल्या मुलीला मोबाइलवरचं अ‍ॅप दोन मिनिटांत ५० हजार देतं आणि व्याजाने तिला सोलून काढतं. तिच्यासाठी सही करणारं मात्र कोणी नाही.

नंतरची वर्षं हप्त्यांत गेली. जून २०१२ पासून बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड राहिलेला नव्हता, त्याचा मला खरा आधार झाला; दिवाळीचा बोनस आला की मुद्दलात भरत गेले. पण रेपो दर २०१४ मधल्या ८ टक्क्यांवरून ऑक्टोबर २०१९ पर्यंत ५.१५ वर उतरला, तेव्हा नव्या कर्जदारांना स्वस्त व्याज मिळालं आणि माझ्यासारख्या जुन्यांना दर बदलून घेण्यासाठी अर्ज करून वर फी भरावी लागली.

या सगळ्याचा अर्थ मला स्पष्ट दिसतो. नवं घर घेणाऱ्या बाईसाठी अनुदान आहे, २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूटही आहे. राहतं घर राखू पाहणारी कमी पगाराची बाई मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. मग ती अर्धा हिस्सा सोडते, पैसे घेते आणि भाड्याच्या खोलीत जाते. मुलांची शाळा बदलते ती इथेच.

उपाय अवघड नाही. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानुसार पती-पत्नीत हिस्सा बदलला, तर मुद्रांक शुल्क बक्षीसपत्राइतकंच घ्या. अर्ध्या हिश्शाच्या खरेदीलाही आवास योजनेचं व्याज अनुदान द्या. हप्ते कोणाच्या पगारातून गेले, हे बँकांनी पाहावं. विधानसभेत आणि संसदेत बसलेल्या प्रत्येक पक्षाच्या महिला सदस्यांना माझी विनंती आहे की, या तीन गोष्टी येत्या अधिवेशनात मांडा.