सागाचा ओंडका आणि पट्ट्याचं पातं
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारशाहून रवाना झाला. त्याची चर्चा खूप झाली. ओंडक्याची फळी करणाऱ्या यंत्राची मात्र फारशी नाही.

आरा मशीनमध्ये दोन जड चाकांवरून पोलादी पट्ट्याचं दातेरी पातं अखंड फिरत असतं. ओंडका रुळांवरच्या ट्रॉलीवर आवळून पात्याकडे ढकलतात. ही कल्पना जुनी: इंग्लंडच्या विल्यम न्यूबेरी यांनी 1808 मध्ये पेटंट घेतलं, पण पात्याचा सांधा टिकेना. तो टिकाऊ जोडण्याची रीत 1846 मध्ये फ्रान्सच्या आन पोलिन क्रेपँ या बाईंनी शोधली.

गोल करवतीपेक्षा हे पातं पातळ, म्हणून भुसा कमी, फळ्या जास्त. महागड्या सागाला हाच हिशेब लागू.

अडचण सागातच आहे. त्यात वाळूत असते तशी सिलिका असते, ती दात बोथट करते. म्हणून दातांच्या टोकांना स्टेलाइट नावाचा कठीण मिश्रधातू चढवतात. ओंडक्याचा घेर, लांबी, लाकडाची जात पाहून चाकांचा व्यास, मोटरची ताकद आणि ट्रॉलीची लांबी ठरते. एकाच मापाच्या कपड्यांसारखं एकच यंत्र सगळ्यांना बसत नाही. मापं पाहून ते निवडावं किंवा बांधून घ्यावं लागतं.