शनिवारची रात्र आणि रविवारचा घाट

मंडळी, आज आपण जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत बसलोय, तेव्हा दारू आणि गाडी या विषयाची सुरुवातही इथूनच करू. या विषयावर बोलणारे बहुतेक जण झिंगलेल्या माणसापासून सुरू करतात. आम्ही त्याच्याबद्दल फारसं बोलणार नाही. ज्याला धड उभं राहता येत नाही, त्याच्या हातातली किल्ली कुणीतरी काढून घेतंच. आमचा माणूस वेगळा आहे. तो अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून पहाटे पाचला देवाला निघालाय. आपण पूर्ण शुद्धीत आहोत अशी त्याची खात्री आहे, आणि त्याच्या घरच्यांचीही.

रविवार हा जोतिबाचा वार. बऱ्याच घरांत त्या दिवशी मांसमच्छी नाही, दारू तर नाहीच. मग शनिवारी रात्री मंडळी तांबडा-पांढरा घेऊन बसतात, आणि "बारा वाजायच्या आत संपवा रे, रविवार लागतोय!" असं कुणीतरी म्हणतंच. बारा वाजले की कॅलेंडरवरचा वार बदलतो. रक्तात मात्र शनिवारच चालू असतो.

कसा, ते हिशेबानं बघू. क्वार्टर म्हणजे १८० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे एका क्वार्टरमध्ये ७७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६१ ग्रॅम. ते अंगातल्या पाण्यात मिसळतं. ७० किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याचं प्रमाण १०० मिलिलिटरला सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास जातं. यकृत ते आपल्या चालीनं जाळतं, तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. कुणाचं थोडं जास्त, कुणाचं कमी. ही चाल लिंबानं वाढत नाही, ताकानं नाही, कोऱ्या चहानं नाही, थंड पाण्याच्या अंघोळीनंही नाही. बडीशेप फक्त वास झाकते, आणि तोही बायकोपुरताच.

आता आपला गडी रात्री अकराला बसला, बाराच्या आत क्वार्टर संपवली, झोपला, पाचला गाडीला किल्ली लावली. सहा तासांत ९० मिलिग्रॅम गेले. उरले ३५. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे ३०. म्हणजे देवाला निघालेला हा माणूस कायद्यानं अजून दारू पिऊन गाडी चालवतोय. तोच ५५ किलोचा सडपातळ पोरगा असेल तर त्याची सुरुवातच १६० च्या घरातून होते, आणि पाचला त्याच्या रक्तात ७० उरतात. इंग्लंडमध्ये मर्यादा ८० आहे, युरोपात बऱ्याच देशांत ५०. आपल्याकडची कडक आहे, आणि आमच्या मते ती योग्यच आहे.

"पण मला काही होत नाही" हे वाक्य आम्हाला गावोगाव ऐकायला मिळतं. ते खोटं बोलत नसतात. दारू सगळ्यात आधी ज्याच्यावर बसते तो मेंदूचा भाग नेमका 'आपण ठीक आहोत का' हे ठरवणारा असतो. मोजपट्टीच वाकली, तर माप बरोबर आलंय असंच वाटणार.

घाटात याचे परिणाम वेगळेच दिसतात. सरळ रस्त्यावर चालकाचं एका वेळी एकच काम असतं. वळणावर स्टिअरिंग, गिअर, समोरच्या गाडीचा उजेड आणि कडेनं चालणारा माणूस, या सगळ्यांकडे एकदम बघावं लागतं, आणि एकदम दोन गोष्टींकडे बघणं हेच दारू आधी काढून घेते. समोरून दिवा डोळ्यांवर आला की नजर परत जागेवर यायला जास्त वेळ लागतो. ताशी ४० किलोमीटर वेग धरला तर गाडी एका सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेकवर पाय अर्धा सेकंद उशिरा पडला, तर साडेपाच मीटर रस्ता गेला. काही वळणांवर कठडा आणि चाक यांच्यात तेवढी जागाही नसते.

अजून एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आत असतो. त्याच्या घट्ट भागातून आणि भोवतीच्या द्रवातून दारू सारख्या वेगानं आत-बाहेर होत नाही. त्यामुळे ती उतरत असताना, प्यायल्यानंतर पाच-सहा तासांनी, डोकं वळवलं की पुन्हा गरगरल्यासारखं होतं. नेमक्या त्याच वेळी आपला माणूस केर्लीहून वर वळलेला असतो.

आता कायदा, थोडक्यात. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे हे आकडे. विमा कंपनीलाही हात झटकायला आधार मिळतो. आणि "काही होत नाही, घे किल्ली" म्हणणाऱ्या मित्रानं कलम १८८ वाचावं. चिथावणी देणाऱ्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा आहे.

माणूस मेला तर गोष्ट इथे थांबत नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फुटपाथवर चढली. तिथे मजूर झोपले होते. सात गेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे ११२ मिलिग्रॅम. आपल्या क्वार्टरच्या हिशेबातला सव्वाशेचा आकडा आठवा. नुसता निष्काळजीपणा नव्हे, तर सदोष मनुष्यवध असं उच्च न्यायालयानं धरलं, तीन वर्षांची शिक्षा दिली, आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. प्यायलेल्या माणसानं गाडी काढली तर जीव जाऊ शकतो, हे त्याला माहीत असतंच, असा त्यामागचा विचार.

इथे फुटपाथवर कुणी झोपत नाही. पण माघातले रविवार आठवा. खेटे घालणारे हजारो लोक अंधारात, थंडीत, अनवाणी डोंगराकडे चाललेले असतात. त्यात म्हाताऱ्या असतात, कडेवर पोर घेतलेल्या बाया असतात. पायवाट जिथे डांबरी रस्त्याला येऊन मिळते, तिथे ते आणि आपला पाचला निघालेला गडी एकाच वळणावर येतात. त्याची त्यांच्याशी काही दुश्मनी नाही. उलट दोघांच्याही तोंडी चांगभलंच असतं.

मागच्या एका व्याख्यानानंतर एका तरुणानं विचारलं, "मग किती वाजता निघायचं, ते तरी सांगा." त्याच क्वार्टरचं सांगतो. ७० किलोच्या माणसाचं रक्त स्वच्छ व्हायला सकाळचे साडेसात होतात. ५५ किलोच्या पोराला पावणेदहा. तोवर एसटीनं वर येऊन, दर्शन घेऊन तो खाली पोचलेलासुद्धा असेल.