भिंगाविना डोळा आणि वाढते मूल

डोळ्याच्या बाहुलीमागे मसुराच्या दाण्याच्या घडणीचे एक पारदर्शक भिंग असते. काही बालकांचे हे भिंग जन्मतःच धुरकट असते. काहींचे विटीदांडूची विटी लागून फुटते. ते काढून टाकले की प्रकाशाला वाट मोकळी होते, परंतु किरण दृष्टिपटलावर एकवटत नाहीत. शस्त्रक्रिया झाली, आता मूल पाहू लागेल, असे आईवडील मला म्हणतात तेव्हा निम्मेच काम झालेले असते.

कारण पाहणे मेंदूला शिकावे लागते. मांजरीच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे मिटलेला ठेवला, तर पुढे तो उघडूनही मेंदू त्याची दखल घेत नाही, हे ह्यूबेल आणि वीझल यांनी दाखविले. १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी ठरले. म्हणूनच एका डोळ्याचा दाट जन्मजात मोतीबिंदू सुमारे सहा आठवड्यांच्या आत काढावा, असे मानतात.

मग कृत्रिम भिंग लगेच का बसवू नये? लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली ते प्रथम बसविले, आणि प्रौढांच्या बाबतीत प्रश्न बहुतांशी मिटला. बालकाचा डोळा मात्र वाढत असतो. जन्मतः त्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर, प्रौढपणी २३ ते २४. त्यातली बरीचशी वाढ पहिल्या दोन वर्षांतली. भिंग वाढत नाही. म्हणून आपण वाढत्या अंगाचा सदरा शिवतो तसे शल्यविशारद मुद्दाम कमी शक्तीचे भिंग निवडतो आणि उरलेली तूट चष्म्याने भरून काढतो. शिवाय लहान डोळ्यात भिंगामागचा पडदा फार लवकर गढूळ होतो.

अमेरिकेत एका डोळ्याचा जन्मजात मोतीबिंदू असलेल्या, सात महिन्यांखालील ११४ बालकांचा अभ्यास झाला. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या वेळीच भिंग बसविले, निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. पाच वर्षांनी दोन्ही गटांची दृष्टी सारखीच निघाली. डोळ्याच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया मात्र पहिल्या गटात शेकडा ७२, तर दुसऱ्यात शेकडा २१ बालकांवर करावी लागली. तेव्हा इतक्या कोवळ्या वयात घाई करू नये, भिंग पुढे बसविता येते, असे माझे मत आहे. दोन वर्षांनंतर मात्र मी सहसा भिंगाच्याच बाजूने असतो. अर्थात बडोद्याच्या उन्हाळ्यात, घामात नि धुळीत, तान्ह्याच्या डोळ्यात रोज लेन्स घालणे म्हणजे काय, हे त्या माउलीलाच ठाऊक! जिथे ते निभणारच नाही, तिथे आधी भिंग बसविणे शहाणपणाचे. दोन्ही डोळ्यांचे भिंग काढलेले असेल तर जाड चष्माही चांगला उपयोगी पडतो.

खरी कसोटी पट्टीची. एकाच डोळ्याला दोष असेल तर चांगला डोळा रोज काही तास झाकावा लागतो, आणि हे वर्षानुवर्षे चालते. मूल रडते, आजीचे मन द्रवते, पट्टी सुटते. डोळ्यातील दाब पुढे केव्हाही वाढू शकतो, म्हणून तपासणी आयुष्यभर सुटत नाही.

येथे शिक्षकवर्ग बसला आहे, म्हणून सांगतो: असे मूल वर्गात आले तर त्याला पहिल्या बाकावर जागा द्यावी, आणि पट्टी कोणत्या डोळ्यावर, किती वेळ, हे पालकांकडून लिहून घ्यावे.