खुर्च्या मोजता येतात, स्वच्छता नाही

विद्यापीठाच्या वित्त विभागात स्वच्छतेच्या कंत्राटाचे दर उघडायचे आहेत. लाखबंद पाकिटे केव्हाच इतिहासजमा झाली. दोन अधिकारी एकामागून एक आपली डिजिटल स्वाक्षरी संगणकाला लावतात आणि 'महाटेंडर्स' या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावरचा दुसरा, म्हणजे दरांचा लिफाफा उघडतो. पहिला, म्हणजे तांत्रिक लिफाफा आधीच तपासून झाला आहे: उलाढाल, अनुभवाचे दाखले, अनामत रक्कम, भविष्य निर्वाह निधीची नोंदणी.

पडद्यावर तुलनात्मक तक्ता येतो. किमान वेतन सरकारने ठरवलेले. त्यावर मालकाचा 12 टक्के भविष्य निर्वाह निधी, 3.25 टक्के कामगार राज्य विमा, किमान 8.33 टक्के बोनस, हेही ठरलेले. चढाओढ उरते ती फक्त सेवाशुल्कात, आणि एकाने ते जवळजवळ शून्य भरले आहे.

"हा कमावणार कुठून, मॅडम?" समितीतले एक प्राध्यापक विचारतात.

"हजेरीपटातून, सर," लेखा विभागातल्या मॅडम मान वर न करता सांगतात.

म्हणजे कागदावर चाळीस माणसे, झाडायला तीस. खुर्च्या घेतल्या तर भांडारपाल मोजून घेतो, साठा नोंदवहीत लिहितो. स्वच्छतेची नोंद अशा वहीत करता येत नाही. शिवाय कंत्राटदाराने पगार बुडवला, तर तो मूळ मालकाने, म्हणजे विद्यापीठाने द्यायचा, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे. स्वस्त दर असा उलटू शकतो.

सगळ्या सेवांना एकच फूटपट्टी लागत नाही. सुरक्षा रक्षक महाराष्ट्रात 1981 च्या कायद्याखालच्या मंडळाकडून घेता येतात; तिथे दर मंडळाचा, घासाघीस नाही. प्रश्नपत्रिकांच्या छपाईत गोपनीयता आधी, दर नंतर. उपाहारगृहात तर पैसे उलट्या दिशेने येतात: ठेकेदारच विद्यापीठाला भाडे देतो.

सर्वांत अवघड खरेदी तंत्रज्ञानाच्या सेवेची. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकावर तपासणी एकदम सर्व शाखांना लागू केली. लाखो उत्तरपत्रिकांचे स्कॅनिंग, प्राध्यापकांचे प्रशिक्षण, सगळे ऐन हंगामात. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत टळली, निकाल रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. आधी छोट्या परीक्षेवर चाचणी, मग कार्यादेश, एवढी एक अट हा धोका पुष्कळ कमी करू शकली असती.

सेवा विकत घेतली जाते ती निविदेच्या अटींत आणि दरमहाच्या बिलात. दर उघडण्याचा दिवस मधला एक टप्पा. म्हणून बिलासोबत हजेरीपट, कामगारांच्या खात्यात पगार जमा झाल्याचा पुरावा आणि निधीचे चलन मागा. आणि ज्या अधिकाऱ्याने महिनाभरात एकही स्वच्छतागृह आत जाऊन पाहिले नाही, त्याने त्या बिलावर सही करू नये.