विस्तृत संगणक जाळ्याची रचना व राउटिंग प्रोटोकॉलचे अध्ययन

प्रस्तावना :
कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. ७० या संख्येवरूनच जाळ्याच्या रचनेतील मूलभूत प्रश्न स्पष्ट होतो. प्रत्येक गाव एकाच वाहिनीने मध्यवर्ती केंद्राशी जोडल्यास मार्ग निवडण्याचा प्रश्न उद्भवत नाही; परंतु ती वाहिनी तुटताच गाव एकाकी पडते. उलटपक्षी, प्रत्येक गाव इतर सर्व गावांशी थेट जोडावयाचे झाल्यास २,४१५ वाहिन्या लागतील. प्रत्यक्षातील मोठे जाळे या दोन टोकांच्या मध्ये असते. त्यामुळे माहिती कोणत्या मार्गाने पाठवावी, हे राउटरना परस्परांशी संवाद साधून ठरवावे लागते. या संवादाचे नियम म्हणजे राउटिंग प्रोटोकॉल होय. जाळ्यातील वाहिनी तुटते तेव्हा काय घडते, येथूनच या विषयाच्या अध्ययनास प्रारंभ व्हावा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. शेजाऱ्याने दिलेली माहिती :
१९८८ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘रिप’ या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक राउटर आपली मार्गसूची दर ३० सेकंदांनी शेजाऱ्यास कळवितो. समजा, कोल्हापूर, कागल व निपाणी येथील राउटर एका ओळीत जोडलेले आहेत. कोल्हापूर–कागल वाहिनी तुटली, तरी निपाणीचा राउटर ‘कोल्हापूर माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे’ अशी जुनी माहिती देऊ शकतो. तो मार्ग स्वतःमधूनच जातो, हे कागलच्या राउटरला ठाऊक नसते. तो तीन टप्पे नोंदवितो, मग निपाणी चार. हा क्रम १६ पर्यंत, म्हणजे ‘मार्ग नाही’ असे ठरेपर्यंत चालू शकतो. ज्या शेजाऱ्याकडून मार्ग कळला त्यालाच तो परत न सांगणे, हा यावरील एक उपाय होय. तथापि १५ टप्प्यांची मर्यादा कायम राहते.

२. संपूर्ण नकाशाचे ज्ञान :
‘ओएसपीएफ’मध्ये प्रत्येक राउटर आपल्या क्षेत्राचा पूर्ण नकाशा बाळगतो व डाइकस्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने अल्पतम खर्चाचा मार्ग काढतो. प्रचलित गणनेत १० कोटी या संख्येस वाहिनीच्या प्रतिसेकंद बिट-क्षमतेने भागून खर्च ठरतो. २ मेगाबिटच्या दोन वाहिन्यांचा खर्च १००, तर १० मेगाबिटच्या तीन वाहिन्यांचा ३० होतो. ‘रिप’ पहिला मार्ग निवडेल, ‘ओएसपीएफ’ दुसरा.

नकाशा मोठा झाला की प्रत्येक बदलाची फेरगणनाही वाढते; म्हणून जाळ्याचे क्षेत्रांत विभाजन करावे लागते. कोल्हापूर जिल्ह्याच्या १२ तालुक्यांची १२ क्षेत्रे कल्पून प्रत्येकास सलग पत्ते दिल्यास, संपूर्ण तालुका बाहेर एकाच नोंदीने दर्शविता येतो. मग शाहूवाडीतील बिघाडाची झळ शिरोळच्या राउटरला पोहोचत नाही. पत्त्यांचे नियोजन आधी न केल्यास हा लाभ मिळत नाही.

३. स्वायत्त संस्थांमधील व्यवहार :
भिन्न संस्थांची जाळी ‘बीजीपी’ने जोडली जातात. येथे अंतरापेक्षा धोरणास प्राधान्य असते आणि मूळ रचना परस्परविश्वासावर आधारलेली आहे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी यूट्यूबच्या पत्त्यांचा मार्ग घोषित केला. ही घोषणा बाहेर पसरली आणि ती अधिक नेमक्या पत्त्यांची असल्याने अन्य राउटरनी तिला पसंती दिली. परिणामी सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब बंद पडले. कोणाची कोणती घोषणा स्वीकारावी, हे ठरविणे म्हणूनच रचनाकाराचे कर्तव्य ठरते.

समारोप :
प्रयोगशाळेत महागडी उपकरणे नसली, तरी ‘जीएनएस-३’सारख्या मुक्त प्रणालीवर हे प्रयोग करता येतात. विद्यार्थ्याने प्रथम कागदावर जाळे रेखाटावे, एक वाहिनी तुटल्यास कोणता मार्ग निवडला जाईल हे लिहावे आणि त्यानंतरच ती वाहिनी तोडून पडताळा घ्यावा. भाकीत चुकले तर चुकीचे कारण शोधणे, हाच त्या तासिकेचा खरा पाठ होय. मूल्यमापनातही अचूक आज्ञांइतकेच गुण या कारणमीमांसेस देणे उचित ठरेल.